एंडोस्कोपकडे वळताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

इतकी वर्षे मायक्रोस्कोपखाली टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे कानाच्या फाटलेल्या पडद्याची दुरुस्ती, केल्यावर आता एंडोस्कोप (कानात घालायची भिंगाची बारीक नळी) शिकावा का, आणि शिकायचा तर सुरुवात कोठून करावी, असे तू विचारले आहेस. जरूर शीक, मात्र दिसणे सोपे झाले म्हणून शस्त्रक्रियाही सोपी होईल, असे गृहीत धरू नकोस.

दिसण्याचा लाभ निर्विवाद आहे. मायक्रोस्कोपची नजर सरळ रेषेत जाते आणि कर्णनलिकेच्या सर्वांत अरुंद भागापाशी अडते. त्यामुळे नलिकेची पुढची भिंत फुगीर असली की पडद्यातल्या छिद्राची पुढची कड झाकली जाते, आणि ती दिसावी म्हणून आपण कानामागे छेद घेतो किंवा हाड घासतो. एंडोस्कोपचे भिंग मात्र त्या अरुंद भागाच्या पलीकडे पोहोचते आणि पडद्याचा संपूर्ण घेर एका दृष्टिक्षेपात दिसतो.

या लाभाची किंमत म्हणजे तुझा डावा हात. 1950 च्या दशकात वुलस्टाइन आणि त्स्योल्नर या जर्मन कानतज्ज्ञांनी ही शस्त्रक्रिया रुळवली तेव्हापासून एका हातात सक्शन आणि दुसऱ्यात हत्यार हीच आपली सवय आहे. आता डावा हात एंडोस्कोप धरण्यात अडकतो, आणि दोन डोळ्यांना मिळणारी खोलीची जाणीव जाऊन मॉनिटरवरचे सपाट चित्र उरते. एंडोस्कोप किंचित पुढे-मागे करून, तसेच हत्याराच्या सावलीवरून आणि स्पर्शावरून खोली ओळखायला शिकावे लागते.

म्हणून आरंभ ओपीडीत कर. मळ, बुरशी, जुने स्राव एंडोस्कोपखाली साफ करत गेलास की डावा हात स्थिर राहू लागतो, आणि एंडोस्कोप आत नेताना व बाहेर काढताना नजर मॉनिटरवरून न हलवण्याची शिस्त लागते. रुग्ण अचानक हलला तर भिंग थेट पडद्यावर आदळू शकते, हे एकदा मनात ठसले पाहिजे. मग ग्रोमेट (पडद्यात बसवायची इवलीशी नळी) बसवणे, आणि मायक्रोस्कोपने केलेल्या शस्त्रक्रियेत मधूनच एंडोस्कोप घालून नुसते निरीक्षण करणे. मृतदेहाच्या टेम्पोरल बोनवर (कानाभोवतीच्या हाडावर) किंवा मेंढीच्या कानावर फ्लॅप, म्हणजे नलिकेच्या त्वचेचा पदर, उचलण्याचा आणि ग्राफ्ट, म्हणजे छिद्रावर लावायचे ठिगळ, बसवण्याचा सरावही अवश्य कर. पण तेथे रक्त येत नाही, आणि खरा धडा तर रक्ताचाच आहे.

एका हाताने रक्तस्राव आवरत बसण्यापेक्षा तो आधीच रोखावा, असे माझे ठाम मत आहे. नलिकेच्या त्वचेत रक्तवाहिन्या आकसवणारे इंजेक्शन सावकाश दे आणि परिणाम होईपर्यंत खरोखर थांब. घाईचा सगळा त्रास पुढे फ्लॅप उचलताना भोगावा लागतो. डोके थोडे उंच ठेव, भूलतज्ज्ञांशी रक्तदाबाविषयी आधीच बोलून घे, आणि ॲड्रिनलिनमध्ये भिजवलेले कापसाचे छोटे तुकडे हाताशी असू देत. फ्लॅप उचलताना कापूस हत्यारापुढे ढकलत नेला की रक्त टिपले जाते आणि त्वचाही फाटत नाही.

नाकासाठी वापरतो तो 4 मिलिमीटरचा एंडोस्कोप रुंद नलिकेत चालतो. अरुंद नलिकेत तो हत्याराशी भांडतो, तेथे 3 मिलिमीटरचा आणि 14 सेंटिमीटर लांबीचा बरा. प्रकाशाची तीव्रता निम्म्याहून कमी ठेव आणि टोक वरचेवर बाहेर काढून पूस, कारण तापलेले टोक मध्यकर्णाला आणि आतल्या कानालाही इजा करू शकते.

पहिले रुग्ण निवडताना कोरडा कान, रुंद नलिका आणि पडद्याच्या मागच्या भागातले लहान छिद्र पाहा. पुढच्या कडेची छिद्रे, जेथे एंडोस्कोपचा सर्वाधिक उपयोग, ती नेमकी नंतरसाठी राखावी लागतात. ग्राफ्टसाठी ट्रॅगसच्या (कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याच्या) कूर्चेचा पातळ तुकडा त्याच्या पेरिकॉन्ड्रियमसह, म्हणजे वरच्या आवरणासह, घ्यावा, असे मी सुचवीन. ओला झालेला टेम्पोरॅलिस फॅशिया (कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण) गुंडाळत राहतो, तर ताठ कूर्चा एका हातानेही जागेवर बसते. मायक्रोस्कोप मात्र ड्रेप (निर्जंतुक आवरण) घालून शेजारी तयार असू दे. रक्त आवरेना झाले किंवा कॉर्डा टिम्पनी ही चवीची नस नीट दिसेनाशी झाली की निःसंकोच त्याच्याकडे परत जा.

तुझी कार्यशाळा ठरली की कळव. हत्यारांविषयी तेव्हा सविस्तर लिहीन.

तुझा,
विनायक