तो मळ नव्हता, आई

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर तुमच्या नातवाच्या रिपोर्टचं धड सांगता आलं नाही. तो शेजारीच बसला होता, आणि त्याच्यादेखत त्याच्या वजनाबद्दल बोलायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून लिहिते.

आई, मागच्या सुट्टीत तू त्याची मान घासत होतीस, आठवतं? मान लालबुंद झाली, तो रडकुंडीला आला, पण तो काळपट पट्टा काही निघेना. तो मळ नव्हताच गं. हात लावला तर तिथली कातडी मखमलीसारखी जाडसर लागते. डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं करायच्याही आधी त्याची कॉलर खाली करून तेच पाहिलं. शरीर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं, आणि त्याची खूण अशी मानेवर, काखेत उमटते. ‘नीट आंघोळ करत जा’ म्हणून मीही त्याला किती बोलले होते! आता आठवलं की पोटात तुटतं.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती तपासणी 6.1 आली. 5.7 च्या खाली हवी, 6.5 झाली की मधुमेह. म्हणजे तो उंबरठ्यावर उभा आहे, वयाच्या 12 व्या वर्षी.

बाबा, तुम्हाला साखर निघाली तेव्हा तुम्ही 58 चे होता आणि आजवर गोळ्यांवर निभावलंत. त्यामुळे ‘एवढं काय त्यात’ असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण हाच टाइप 2 मधुमेह कोवळ्या वयात झाला तर फार झपाट्याने वाढतो. अमेरिकेत अशा मुलांचा ‘टुडे’ नावाचा मोठा अभ्यास झाला. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर ठेवलेल्या निम्म्या मुलांची साखर काही वर्षांतच हाताबाहेर गेली. पुढे हीच मुलं सरासरी 26 वर्षांची झाली, तोवर त्यांच्यातल्या 60 टक्के जणांच्या मूत्रपिंडाला, डोळ्यांना किंवा नसांना इजा पोचली होती. 26 म्हणजे माझं लग्न झालं ते वय, बाबा.

तो आळशी नाही, हावरटही नाही. जगभरात 5 ते 19 वयाच्या शंभर मुलांमागे 1990 मध्ये दोन मुलं लठ्ठ होती, 2022 मध्ये आठ. एवढ्या सगळ्या मुलांना एकदम काही जिभेचे चोचले सुटले नाहीत. खेळ कमी झाला, झोप कमी झाली, हाताशी सतत पाकीट आणि बाटली. त्यात वयात येताना इन्सुलिनचा असर तसाही थोडा मंदावतो. मी दमून घरी आल्यावर त्याच्या हातात मोबाइल दिला, ते माझ्याकडूनही झालंच.

तेव्हा त्याला ‘जाड्या’ म्हणू नका, लाडानेसुद्धा नाही. त्याचं ताट वेगळं वाढू नका. तो खाईल तेच आपण सगळे खाऊ. आणि आई, ती गोड थंड पेयं घरात आणूच नकोस. 330 मिलीच्या एका डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते, आठएक चमचे. समोर ठेवून ‘पिऊ नको’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बाबा, तुमच्याकडून एकच हवंय. तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता, तेव्हा त्याला बरोबर न्या. उपदेश नको, नुसत्या गप्पा मारा. मी चल म्हटलं की त्याला शिक्षा वाटते, तुमच्याबरोबर तो आनंदाने येईल. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवायची घाई नाही. ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी पुष्कळ फरक पडेल. तीन महिन्यांनी परत तपासायचंय.

काल दवाखान्यातून येताना बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “आजीला सांगशील, तो मळ नाहीये?”

तुमची,
लेक