कोपराला आराम दे

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. तुझ्या कोपराचं तिनेच सांगितलं. डॉक्टरांनी सहा आठवडे गिटारला हात लावू नकोस म्हटलंय आणि तू शनिवारी व्हर्जिनियात वाजवायला निघालास! मला मात्र म्हणालास, "थंडीने हात आखडतो गं." रागावून लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

नोकरी सोडलीस त्याबद्दल आता काही म्हणत नाही. बाबाही म्हणत नाहीत. परवा शेजारच्या काकांना तुझा व्हिडिओ दाखवत होते, ती बँजोबरोबरची जुगलबंदी. कडव्याच्या शेवटी ती 'जी रन', ती ठरलेली सुरावट घेऊन समेवर येतोस ना, तिथे ते दर वेळी मान हलवतात. मला दिसत होता तुझा उजवा हात. मनगट मोकळं, पिक तारेला जेमतेम लागतंय. आणि तुकडा संपला की तू हात खाली सोडून झटकतोस. हे आधी कधी नव्हतं.

तुमच्या त्या ब्लूग्रास नावाच्या अमेरिकी लोकसंगीतातला गिटारवाला टोनी राईस, त्याच्याबद्दल तूच मला सांगितलंस, म्हणून त्याचंच सांगते. घर आपल्यासारखंच वाजवणाऱ्यांचं. वडील वेल्डिंगचं काम करायचे आणि मँडोलिन वाजवायचे, मामांबरोबर त्यांचा बँड. लॅरी, रॉन, वायट हे तिघे भाऊही वाजवणारे. जन्म 1951 चा, डॅनव्हिलचा, पण वाढला लॉस एंजेलिसकडे. तिथे नऊ वर्षांचा असताना त्याला गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट भेटला, तोही भावांबरोबर वाजवत मोठा झालेला. क्लॅरेन्सच्या हातातली 1935 ची मार्टिन डी-28 गिटार, कुणीतरी मधलं भोक कोरून मोठं केलेली. 1973 साली कार्यक्रम संपवून गाडीत सामान भरताना दारू प्यायलेल्या चालकाने क्लॅरेन्सला उडवलं. 29 वर्षांचा होता रे. दोन वर्षांनी टोनीने तीच गिटार हुडकून काढली, 550 डॉलरला घेतली आणि जन्मभर जपली. त्याच 1975 मध्ये जे. डी. क्रोच्या न्यू साउथ बँडबरोबर त्याची रेकॉर्ड आली, मग मँडोलिनवाल्या डेव्हिड ग्रिसमनकडे गेला. तुम्ही सगळी मुलं आज ज्याच्यासारखं वाजवू बघता ते त्या काळातलं वाजवणं.

आणि मग 1994 च्या सुमाराला गळा गेला. स्नायूंच्या ताणाचा विकार, गाणंच बंद. गिटार होती तोवर गिटार. मग तीही नाही, कारण कोपर. टेनिस एल्बो, हेच ना तुझ्या डॉक्टरांनी लिहिलंय? 2013 साली रॅली शहरात ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला तेव्हा वाजवलं. त्यानंतर लोकांसमोर वाजवलं नाही. 2020 च्या नाताळात गेला. म्हणजे शेवटची सात वर्षं ती गिटार घरात आणि ऐकणारे बाहेर वाट बघत. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली.

हात एकच असतो, सोन्या. पंचविशीत दुखणं जातं असं वाटतं, ते जात नाही, दबून बसतं. सराव म्हणजे दुखेपर्यंत वाजवणं नव्हे, आणि बँडमधली मुलं एक महिना दुसऱ्या कुणाला बसवतील, त्यांना... बघ, लागले उपदेश करायला. तूही आता मोठा झालास. माफ कर.

आप्पांचं तुला आठवत नसेल, तू फार लहान होतास. दर्ग्याच्या उरुसात चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणाची सभा असते ना, तिथे त्यांना तबल्याच्या साथीला बसायचं होतं. वर्षभर त्याचीच तयारी. आणि ऐन वेळी डाव्या हाताचा अंगठा सुजला. घरात सगळे म्हणाले, लेप लावून बसा. ते बसले नाहीत. दोन महिने डग्ग्यावर गवसणी. पण पढंत रोज चालू! पहाटे ओसरीवर मांडी घालून कायदे, रेले, सगळं तोंडाने. आजी चूल पेटवता पेटवता मात्रा मोजायची. मी परकर सावरत उंबऱ्यात बसून ऐकायची. अंगठा बरा झाल्यावर हात आधीपेक्षा साफ पडायचा, असं मिरजेतले लोक म्हणायचे. मग पुढे त्या हाताने त्यांनी किती वर्षं वाजवलं, ते मामाला विचार. तुलाही तोंडाने म्हणता येईल की सगळं, त्या सगळ्या रन्स. मेंडोलिनवाल्याला समोर बसव आणि म्हण.

डॉक्टरांचा कागद मला फोटो काढून पाठव. शनिवारचं काय ठरवलंस तेही कळव. पैशाची अडचण असेल तर बाबांना नको, मला सांग, भिशीचे आलेत.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं येतोय. ताईने मर्लफेस्टचं, त्या संगीतमहोत्सवाचं सुचवलंय. गिटारवाल्या डॉक वॉटसनच्या मुलाच्या नावाने चालतं ना ते, ट्रॅक्टरखाली गेला तो मर्ल? बापलेक वीस वर्षं शेजारी बसून वाजवायचे म्हणे. त्या बापाने नंतर गिटार कशी हातात घेतली असेल, मला कल्पनाही करवत नाही. तर आपण जाऊ. तोवर कोपर बरं झालं असेल आणि तुला कुठे वाजवायला मिळालं तर आम्ही समोर बसू. नसेल झालं तर तिघं मिळून ऐकू. तिकिटं काढताना बाबांना फार चढउतार पडणार नाही एवढं बघ, त्यांचा गुडघा अजून कुरकुरतोय.

तुझी,
आई