कोर्टवरच्या काकांना

काका,

गेल्या आठवड्यात मी बास्केटबॉलच्या पहिल्या व्यावसायिक करारावर सही केली. घरी पेढे वाटले, फोटो निघाले. तीन वर्षांत ज्यांनी एक फोन केला नाही, त्यांचेही अभिनंदनाचे मेसेज आले. या सगळ्यात तुमचं नाव कुणी काढलं नाही, ते मला सहन होईना. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नातवाकडून वाचून घ्या.

गुडघा गेला तेव्हा मी 19 वर्षांची होते. ले-अप टाकून खाली आले आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज मलाच आला. एसीएल, गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, फाटला होता. ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. तरी त्या स्पर्धेत डॉक्टर तर सोडाच, बर्फसुद्धा नव्हता. बाबांनी उसाच्या रसाच्या गाड्यावरून आणला. "खर्चाचं आम्ही बघू" म्हणणाऱ्यांनी नंतर फोन उचलले नाहीत. आमच्या खेळात मुलींना नोकरी म्हणजे रेल्वे, राष्ट्रीय स्पर्धांत दबदबाही तिचाच. एका सरांनी आईला सांगितलं, "आता रेल्वेबिल्वे विसरा, हिच्या लग्नाचं बघा." ऑपरेशननंतर 9 महिने खेळायचं नाही, हे मी सोसलं. ते वाक्य अजून सलतं.

तुम्ही कुठल्या समितीवर नव्हतात. सिडकोतल्या आपल्या सिमेंटच्या कोर्टची किल्ली तुमच्याकडे होती, एवढंच. कुबड्या सुटल्यावर एका पहाटे मी गेटपाशी येऊन नुसती उभी राहिले. काय झालं, कधी खेळणार, काही विचारलं नाहीत. स्वतःची खुर्ची आणून रिंगजवळ ठेवलीत, दवाने ओला झालेला कोर्ट गोणपाटाने पुसलात.

बसून टाकलेला चेंडू 10 फुटांवरच्या रिंगला लागतही नव्हता. घरंगळत पार कुंपणापर्यंत जायचा. दर वेळी तुम्ही जाऊन आणायचात. पण लांबून फेकला नाहीत कधी. जवळ यायचात, माझ्या छातीसमोर धरायचात आणि हातात द्यायचात. मला वाकता येत नाही, झटकन वळता येत नाही, हे मी बोललेच नव्हते. साठी उलटलेला माणूस, डिसेंबरच्या थंडीत, कानटोपी घालून, शंभर-शंभर वेळा. निघताना एकच प्रश्न, "आज किती गेले?" पहिल्या दिवशी 3 गेले. तुम्ही ते पाण्याच्या टाकीवर खडूने लिहिलंत. त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

नाशिकच्या मैदानांवर अशी माणसं आहेत. फाटलेली नेट सुतळीने बांधणारी, शेवटचं पोर घरी जाईपर्यंत दिवा चालू ठेवणारी. स्मरणिकेत त्यांची नावं येत नाहीत. आमची येतात, आणि ती त्यांच्या जिवावर येतात.

मंगळवारी मी निघते. सोमवारी पहाटे साडेपाचला कोर्टवर येते. फ्री थ्रोच्या रेषेवर तुम्ही उभं राहायचं, तुम्हीच टाकायचं. चेंडू मी आणून देईन, हातात.

तुमची पोर