डायलिसिसच्या खाटेवर पाय तरी चालू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे यजमान अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात यंत्रमागावर होते. पाळीभर मागांच्या मधून फिरणारा माणूस. आता खुर्चीतून उठायचे तर दोन्ही हात टेकावे लागतात, मांड्या इतक्या सुकल्यात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडून राहायचे आणि घरी येऊन थकव्याने पुन्हा आडवे व्हायचे. पाणी मोजून प्या, केळी-बटाटा जपून, शेंगाचटणी बंद (सोलापूरकराला ही शिक्षाच!), हे सगळे सांगतात. पाय हलवा, असे कुणी सांगितले नाही. मी विचारले तर उत्तर आले, "सुई हलेल."

फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर जोडून तयार केलेल्या जागेचा, हात स्थिर ठेवायचाच. पायांना कसली आडकाठी? माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल त्याने सांगितले. २१ केंद्रांतल्या हजाराहून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर डायलिसिस चालू असतानाच व्यायाम दिला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येते, हे मोजले होते. व्यायाम करणारे सुधारले, बाकीचे होते त्याहून मागे गेले. आयुष्य किती वाढते हा प्रश्न वेगळा; स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणे किती मोलाचे, हे घरच्यांना विचारा.

लागते ते थोडेच. खाटेच्या पायथ्याशी पेडल, घोट्याला वजनाची पट्टी. पहिल्या दोन तासांत उरकायचे, कारण अंगातले पाणी निघत जाते तसा पुढे बीपी खाली येतो. छातीत दुखत असेल, बीपी ठिकाणावर नसेल, तर त्या दिवशी नाही. ज्याला किती झेपेल ते आधी डॉक्टरांनी ठरवायचे, म्हणून जाणकार माणूस हवाच.

महात्मा फुले योजनेतून डायलिसिस मोफत होते, ही मोठीच सोय. आपल्या शहरात आईवडिलांच्या स्मरणार्थ मशीन देणारेही आहेत. पण फिजिओथेरपिस्टच्या पगारावर नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून तिथे पैसा पोचत नसावा. निदान एका केंद्रात, आठवड्यातून तीन दिवस, एक फिजिओथेरपिस्ट नेमून बघा. पेडलचे पैसे आम्ही नातेवाईक वर्गणी काढून देऊ.

– एका रुग्णाची पत्नी, साखर पेठ, सोलापूर