कोर्ट मार्शलने निर्दोष सोडले, तरी माझा मुलगा आरोपीच का?

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, नवी दिल्ली

महोदय, जय हिंद.

माझा मुलगा फौजेत नायक आहे. आर्मी ॲक्टच्या कलम 69 खाली, भारतीय दंड संहितेचे 354 लावून, त्याच्यावर विनयभंगाचा खटला चालला. जनरल कोर्ट मार्शलने सगळे साक्षीपुरावे ऐकून त्याला निर्दोष ठरवले. गेल्या आठवड्यात कळले, वरच्या साहेबांनी निकालाला मंजुरीच दिलेली नाही. कलम 160 खाली तेच कोर्ट पुन्हा बसणार आणि स्वतःच्याच निकालाचा फेरविचार करणार.

साहेब, मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. हुकूम काय असतो ते मला ठाऊक आहे. फेरविचार करा असे वरून लेखी आल्यावर खाली बसलेल्या पाच अधिकाऱ्यांनी काय समजायचे? त्यांचे गोपनीय अहवाल, बढत्या त्याच साखळीच्या हातात.

तक्रार करणाऱ्या बाईंबद्दल मी वाईट शब्द लिहिणार नाही. तक्रार आली की चौकशी व्हायलाच हवी. पण त्या रात्री पोरगा गार्ड ड्युटीवर होता. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफल घेतल्याची वेळ रजिस्टरवर आहे, त्याची सही आहे, गार्ड कमांडरची आहे. समरी ऑफ एव्हिडन्सच्या वेळी, म्हणजे खटल्याआधी साक्षीपुरावे नोंदवताना, हेच रजिस्टर सापडत नव्हते. कोर्टात वकिलाने हट्ट धरला तेव्हा ते आले. बचावासाठी फौजेने दिलेला डिफेन्डिंग ऑफिसर भला माणूस, पण कायद्याचा नव्हे, म्हणून पुण्याहून वकील न्यावा लागला. फी, गाडीभाडे, लॉज धरून सहा-सात लाख तरी गेले असतील. जमीन गहाण पडली. सून माहेरी गेली आहे. गावात माझ्या बायकोने हळदीकुंकवाला जाणे सोडले. पोरगा दुसऱ्या युनिटला अटॅच, लंगरमध्येही त्याच्याशेजारी कोणी बसत नाही. नोकरी 13 वर्षे झाली, म्हणजे पेन्शनला अजून दोन बाकी. बडतर्फ केला तर हातात काय राहणार?

आणि निर्दोष का सोडले, हेही कुठे लिहिलेले नाही! 1990 साली एस. एन. मुखर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले होते की कोर्ट मार्शलवर कारणे देण्याचे बंधन नाही. पुढे आर्मी रूल 62 बदलून थोडक्यात कारणे लिहिणे बंधनकारक झाले, पण माझ्या मुलाच्या निकालात ती नाहीत. मग आम्ही कशाच्या आधारावर भांडायचे? त्या बाईंना तरी काय कळणार, आपल्यावर विश्वास का ठेवला नाही ते? 1982 साली पृथीपाल सिंग बेदी खटल्यात याच न्यायालयाने अपिलाची सोय नसल्याबद्दल सरकारला सुनावले होते. अपिलाची सोय करणारा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा आला 2007 मध्ये. पंचवीस वर्षे! जवानाच्या बाबतीत कोणालाच घाई नसते.

ज्या इंग्रजांच्या 1911 च्या कायद्यावरून आपण 1950 चा कायदा बेतला, त्यांनी स्वतः 1996 मध्ये कायदा बदलून निकाल मंजूर करणारा अधिकारीच काढून टाकला. पुढच्या वर्षी फिंडले या ब्रिटिश सैनिकाच्या खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही या मंजुरीच्या पद्धतीवर ठपका ठेवला. आपण मात्र ती अजून जपून ठेवली आहे. सीमेवर उभा राहणाऱ्याला साध्या सत्र न्यायालयातल्या आरोपीइतकाही न्याय मिळू नये?

निर्दोष सुटलेल्याला कलम 160 मधून वगळा. निकालाची कारणे लिहिण्याचा नियम पाळायला लावा. ते होईपर्यंत माझ्या मुलाच्या फाइलवर मंजुरी का नाकारली, ते कारण आम्हाला लेखी द्या. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवले' असे छापील उत्तर मला आधीच आले आहे. ते पुन्हा पाठवू नका.

आपला,
एक माजी हवालदार, जि. सातारा