१९६५ चे वैमानिक हयात आहेत तोवर : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,

स. न. वि. वि.

१९६५ च्या हवाई युद्धात लढलेले जे वैमानिक आज हयात आहेत, त्यांना गाठून त्यांची साक्ष नोंदवून घेण्याचे काम आपल्या मंत्रालयाने हाती घ्यावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

त्या सप्टेंबरात बावीस-तेवीस वर्षांचे असलेले फ्लाइंग ऑफिसर आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्या युद्धात लढलेले एअर मार्शल डेन्झिल कीलर ऑगस्ट २०२४ मध्ये गेले. पुढच्याच ऑगस्टमध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. ६५ च्या युद्धात त्यांचा उजवा खांदा जखमी झाला होता, लीडरने विमान सोडून द्यायला सांगितले होते, तरी त्यांनी ते तळावर परत आणले. या दोघांविषयी निदान पुष्कळ लिहून झाले आहे. पण ज्यांना पदक मिळाले नाही, ज्यांच्या दारी कधी कोणी रेकॉर्डर घेऊन गेले नाही, अशांचे काय?

६ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ घ्या. लुधियानाजवळच्या हलवारा तळावर पाकिस्तानची तीन सेबर लढाऊ विमाने चालून आली. तळावर गस्त घालणाऱ्या पिंगळे आणि गांधी या आपल्या वैमानिकांची दोन्ही हंटर विमाने पडली. दोघेही पॅराशूटने उतरले. मग राठोड आणि नेब यांच्या हंटरनी सेबरना गाठले. पाकिस्तानी तुकडीचे स्क्वाड्रन लीडर रफीकी आणि त्यांचे एक साथीदार परत गेले नाहीत. आपल्याकडे गांधी, राठोड आणि नेब या तिघांच्याही नावावर एकेक सेबर आहे. पाकिस्तान मात्र दोनच विमाने गमावल्याचे मानतो. दहा दिवसांनी त्याच पिंगळ्यांनी एक सेबर पाडले आणि वीरचक्र मिळवले. मला कोणाच्या शौर्यावर शंका घ्यायची नाही. काही मिनिटांची, दिवेलागणीच्या उजेडातली ती झटापट होती. ती खालून पाहणारे तंत्रज्ञ होते, तोफांवरचे जवान होते. त्यांतल्या कितीजणांना आपण कधी विचारले?

विचारले तर काय हाती लागते, याचा दाखला हवाई दलाच्याच इतिहासात आहे. ७ सप्टेंबरच्या पहाटे आदमपूरहून १ स्क्वाड्रनची मिस्टियर विमाने पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावर गेली. स्क्वाड्रन लीडर देवय्या खरे तर राखीव होते. एक विमान गळाल्यावर ते सामील झाले आणि परतले नाहीत. त्यांचे नेमके काय झाले ते आपल्याकडे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे पाकिस्तानच्या बाजूने लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून कळले, की परतीच्या वाटेवर एका मिस्टियरने कितीतरी अधिक वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी झुंज घेऊन ते पाडले होते. ते विमान देवय्यांचेच, हे मग जुळवून पाहिले गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले ते १९८८ साली, २३ वर्षांनी. आपल्या माणसाचा पराक्रम आपल्याला शत्रूच्या बाजूकडून समजला. अशी आणखी किती प्रकरणे कोणाच्या तरी आठवणीत अडकून असतील, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

वैमानिक शोधायचे कसे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. निवृत्तिवेतन घेणारा प्रत्येक माजी सैनिक दरवर्षी हयातीचा दाखला देतो. बहुतेकांची नोंद आता आपल्याच मंत्रालयाच्या ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतनाच्या संगणक प्रणालीत आहे. म्हणजे माणूस हयात आहे आणि कुठे राहतो, हे सरकारला माहीत आहे. फक्त १९६५ साली कोण कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होते, ही यादी त्याशेजारी ठेवायची आहे. जे लवकर नोकरी सोडून गेले आणि ज्यांना निवृत्तिवेतन नाही, ते या जाळ्यात येणार नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, स्थानिक वर्तमानपत्रे आहेत. पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत हवाई दलातून निवृत्त झालेल्यांचा एकमेकांशी घरोबा असतो. एक सापडला की तो आणखी चार नावे सांगतो.

आणि कृपा करून हे काम एखादा फॉर्म पाठवून उरकू नये. वैमानिकाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, लढाईचा दिवस एका ओळीत मावतो : तारीख, विमानाचा क्रमांक, कामगिरी, किती मिनिटे. त्या ओळीवर बोट ठेवून ‘त्या दिवशी तुमच्या उजवीकडे कोण होते?’ असे विचारणारा, उड्डाण जाणणारा माणूस समोर बसायला हवा. स्क्वाड्रनच्या दैनंदिनीची प्रत आधी घरी पोचायला हवी. ज्याला मराठीत बोलायचे त्याला मराठीत बोलू द्यावे. केवळ वैमानिकच नव्हे, अमृतसरच्या २३० सिग्नल्स युनिटमध्ये रडारसमोर बसून वैमानिकांना दिशा देणारे आणि रात्रभर तोफांत गोळ्या भरणारेही या यादीत असावेत.

१ सप्टेंबरला आपल्याच खुर्चीत यशवंतराव चव्हाण होते. हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग यांना त्यांनी हवाई हल्ल्याची परवानगी काही मिनिटांत दिली आणि सूर्य मावळायच्या आत पठाणकोटहून विमाने जम्मूतल्या छांबवर, जिथे पाकिस्तानी फौज चालून आली होती, पोचली. पुण्याहून नुकत्याच पठाणकोटला हललेल्या ४५ स्क्वाड्रनची चार जुनाट व्हॅम्पायर विमाने त्या संध्याकाळी पडली, तीन वैमानिक गेले. यशवंतरावांनी त्या दिवसांची रोजनिशी लिहून ठेवली, म्हणून निर्णय कसा झाला ते आपण वाचू शकतो. तो निर्णय ज्यांनी आकाशात निभावला, त्यांचीही बाजू तितक्याच तपशिलाने वाचायला मिळावी.

युद्धेतिहास संकलित करण्याचे आणि २५ वर्षांपूर्वीचे दस्तऐवज खुले करण्याचे धोरण आपल्या मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केले. त्यात साक्षींचे काम जोडावे. सुरुवात येत्या नोव्हेंबरपासून होऊ शकते : हयातीच्या दाखल्यासोबत ‘१९६५ वा १९७१ च्या युद्धात आपण कोठे होता? बोलायची इच्छा आहे का?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला आठवड्याच्या आत फोन जावा.

आपला नम्र,
पुण्याचा एक रहिवासी