न तपासलेल्या बॅकअपबद्दल तक्रार

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक,
डेटाबेस देखभाल विभाग

विषय: डेटाफायलींमधले करप्ट ब्लॉक (बिघडलेले डेटाचे छोटे तुकडे) वेळेत न शोधल्याबाबत

महोदय,

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा औषधांच्या घाऊक वितरणाचा व्यवसाय आहे. आमच्या ओरॅकल डेटाबेसची वार्षिक देखभाल आणि रोजचा बॅकअप तुमच्याकडे आहे. मुदत संपलेल्या मालाचे क्लेम काढण्यासाठी जुन्या बॅचची खरेदी उघडली, तेव्हा स्क्रीनवर ओआरए-०१५७८ हा ओरॅकलचा एरर आला: डेटा ब्लॉक करप्ट, सोबत फाइल आणि ब्लॉकचा क्रमांक. तोवर रोजची बिले बिनदिक्कत निघत होती, कारण बिलिंगचा त्या जुन्या नोंदींशी संबंधच येत नाही. ब्लॉक वाचायला गेल्याशिवाय त्यातला बिघाड कळत नाही. म्हणूनच तो मुद्दाम शोधायचा असतो, आणि त्याचेच पैसे आम्ही तुम्हाला देतो.

तुमच्या इंजिनिअरने बॅकअपमधून फाइल परत आणली. तोच ब्लॉक, तोच एरर. तुम्ही फायली साध्या कॉपी कमांडने उचलता. ती खराब ब्लॉकही जसाच्या तसा उतरवते आणि आम्हाला ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल येतो. जुन्या प्रतींवर नव्या चढवत गेल्यामुळे चांगली प्रत एकही उरली नाही. एक निर्दोष प्रत आणि तेव्हापासूनचे आर्काइव्ह लॉग (डेटातल्या बदलांच्या जपलेल्या नोंदी) हाताशी असते, तर आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाने तेवढाच ब्लॉक दुरुस्त करता आला असता.

‘तपासणीसाठी डेटाबेस बंद ठेवावा लागेल’ हे तुमच्या हेल्पडेस्कचे उत्तर चुकीचे आहे. डीबीव्हेरिफाय हे ओरॅकलचे तपासणी साधन फाइल फक्त वाचते. ते चालू डेटाबेसवर चालते, बॅकअपच्या प्रतीवरही चालते. ब्लॉकचा आकार तेवढा बरोबर धरलेला असावा लागतो. आमचा ८ केबी आहे. मी ते माझ्यासमोर चालवून घेतले. शेवटच्या गोषवाऱ्यात करप्ट पानांपुढे (पान म्हणजे ब्लॉकच) शून्य नव्हते.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. अधिकाऱ्यांनी त्या खरेदीचा तपशील मागितला तर आम्ही काय दाखवायचे?

गेलेल्या नोंदी पुरवठादारांच्या बिलांवरून तुमच्या खर्चाने, तुमच्या माणसांनी भरून द्याव्यात. यापुढे बॅकअप आरमॅनने घ्यावा, प्रत्येक प्रत तपासावी आणि त्या तपासणीचा मूळ लॉग आम्हाला पाठवावा. नुसता ‘यशस्वी’ हा शब्द आम्ही स्वीकारणार नाही. लेखी उत्तर येईपर्यंत देखभालीचा पुढचा हप्ता रोखून धरला आहे.

आपला,
हिशेब विभागप्रमुख